नाटकातून गाळलेलं नाव

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. नंतर लिहायला गेलो तर मी तिला कारणं जोडीन, आणि कारणं मला चांगली सुचतात. नाटकं लिहायची सवय आहे. वेठबिगारीवर मी एक नाटक लिहिलं आणि बसवलं. जिच्या आयुष्यावर ते बेतलं होतं तिलाच मुख्य भूमिकेत घेतलं, आणि प्रयोगाला चार दिवस राहिले असताना काढून टाकलं. ती एवढ्याचसाठी आली होती की, शेवटी पुढं येऊन तिला आपल्या बहिणीचं नाव सांगायचं होतं. ते नाव मी गाळलं. बहीण तेव्हा कोळशाच्या भट्टीवर अडकलेली होती, आणि ती तिथंच राहिली.

हे सगळं वर आलं ते शाळेतल्या एका परातीमुळं. स्नेहसंमेलनाचे दिवस आहेत. शिक्षकखोलीतल्या टेबलावर नेहमीचं सामान पडलेलं असतं. क्रेप कागद, पुठ्ठ्याचे मुकुट, चमकीच्या पुड्या. त्या दिवशी त्यात एक परात होती, आणि परातीत खोबरेल तेलात कालवलेला कुटलेला कोळसा.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आदिवासी नृत्य आहे ना सर, आठवीच्या मुलींचं," नव्यानं लागलेल्या बाई म्हणाल्या. त्यांनी बोट बुडवून स्वतःच्या मनगटावर एक पट्टा ओढून दाखवला. "हातापायांना लावायला. छान चढतो की नाही?"

घंटा झाली. मी वर्गात गेलो, फळ्यावर तारीख लिहिली, आणि पुढं काय शिकवायचं होतं ते काही केल्या आठवेना.

मार्गशीर्षातले दिवस हे आमच्याकडचे सगळ्यात चांगले दिवस. भातं झोडून झालेली असतात. किकवीपासून भोरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पेंढ्याच्या गंजी उभ्या असतात, आणि गिरणीवरून गेलं की नव्या तांदळाचा ऊनऊन वास येतो. सकाळी एसटीच्या काचा आतून ओल्या असतात. पोरं त्यांवर बोटानं नावं लिहितात आणि कंडक्टर ओरडतो. ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. लोक म्हणतात, हवा पडलीय छान. माझं मात्र या हवेत लक्ष धुराकडं जातं. लांबवर कुणी बांध पेटवला, धुराची एक पांढरी रेघ वर निघाली, की मी तिच्याकडे बघत राहतो. तिचा रंग बदलतोय का ते पाहतो. हे मला चांगुणाबाईंनी शिकवलं, जिला मी नाटकातून काढलं तिनं. धूर पांढरा आहे तोवर लाकडातलं पाणी जातंय. तो निळसर झाला की भट्टीची भोकं बुजवायची, नाहीतर आत कोळसा राहत नाही, राख होते.

दिवाळी झाली की वेल्ह्याच्या वरच्या अंगाला कातकरी वस्त्यांवर टेम्पो यायचे. माणसं, मडकी, कोंबड्या, गोधड्या भरून घाटाखाली भट्ट्यांवर जायची ती पावसाच्या तोंडावर परतायची. बरोबर त्याच आठवड्यात आम्ही भोरात नव्या नाटकाच्या वाचनाला बसायचो. दोन्ही हंगाम एकदमच लागायचे. आम्हाला त्यातला एकच ठाऊक होता.

आमचं नाट्यमंडळ म्हणजे एक वकील, बँकेतले कॅशियर, कोर्टातले दोन कारकून, वकिलांच्या पत्नी माधवीवहिनी, आणि मी, मराठीचा मास्तर, लेखक-दिग्दर्शक. शिवाय रफिकभाई. त्याचं बाजारात शिंप्याचं दुकान. आमचे पोशाख तो शिवायचा आणि खलनायक तोच करायचा. सावकार, मोगल सरदार, स्मगलर, सगळे त्याच्याकडं. वाचनाच्या पहिल्या दिवशी तो मांडी घालून बसायचा आणि विचारायचा, "बोला सर, यंदा कुणाचं वाटोळं करायचंय मला?" सगळे हसायचे. एका वर्षी तो म्हणाला, "एकदा तरी बाप करू द्या की. प्रेमळ बाप. जमेल मला." मी म्हणालो, "घरी आहातच की तुम्ही बाप." पुन्हा सगळे हसले. तोही हसला, आणि टेप घेऊन कॅशियरसाहेबांच्या खांद्याचं माप घ्यायला लागला.

कोणी कोण व्हायचं हे आमच्याकडे आडनावावरून ठरत होतं. तसं कुणी कधी बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही.

चांगुणाबाई मला नसरापूरच्या बाजारात भेटल्या. बाजाराच्या अगदी टोकाला, जिथं पालेभाजीवालेही बसत नाहीत, तिथं खेकड्यांची टोपली घेऊन बसायच्या. तिशीची बाई. नवरा गेलेला. दोन लेकरांना घेऊन कामथडीच्या शिवारात एका बांधावर खोपट घालून राहत होत्या. मी त्यांना 'तू' म्हणायचो. माधवीवहिनी त्यांच्याहून लहान, त्यांना 'तुम्ही'. हेही मला फार उशिरा दिसलं.

खेकड्यांचा भाव विचारता विचारता गोष्ट निघाली. मी दर बाजाराला जायला लागलो. त्या खेकड्याच्या नांग्या बांधता बांधता बोलायच्या, मान वर न करता.

"शिमग्याला भट्टीचा शेठ सोडतो आमाला. शिमग्याला कातकरी दुसरीकडं ऱ्हायचा न्हाई, त्याला बी ठाव हाय. पर घरटी एक मानूस ठिवून घेतो. मंग बाकीची येत्यात आपसूक माघारी."

त्यांच्या घरातली धाकटी बहीण बारकी त्या शिमग्याला मागं ठेवली होती. वस्तीवर आल्यावर चांगुणाबाईंचा नवरा तापानं पडला आणि महिन्याभरात गेला. लग्नाच्या वेळी शेठकडून घेतलेली उचल त्याच्या अंगावर होती, ती आता बारकीच्या अंगावर आली.

"म्या गेले तर म्या बी तिथंच. न्हाई गेले तर ती तिथंच," त्या म्हणाल्या. "काय करू सांगा, मास्तर."

घाटाखालच्या एका कचेरीत त्या जाऊन आल्या होत्या. तिथल्या माणसानं विचारलं होतं, बांधून ठेवलंय का? नाही. कोंडलंय? नाही. मारतात? नाही. मग राहतीय की आपल्या खुशीनं.

"साखळी न्हाई लागत, मास्तर," त्या खेकड्याची नांगी आवळत म्हणाल्या. "पेटल्या भट्टीला सोडून जाता येत न्हाई, आन मागं आपलं मानूस ठिवून जाता येत न्हाई. मंग साखळी कशाला पायजे?"

मी वहीत उतरून घेतलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला. समोर एक बाई आपल्या बहिणीची गोष्ट सांगत होती आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं: नाटक सापडलं.

"तूच कर ना ही भूमिका," मी म्हणालो. "आमच्या प्रयोगाला मोठे साहेब यायचेत, जिल्ह्याचे. त्यांच्यासमोर तूच सांग सगळं."

पुढच्या बाजाराला मी गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"सायब पुढंच बसत्यात का?"

"पहिल्या रांगेत."

"मंग येते."

तालमी संध्याकाळी भोरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये असायच्या. पहिल्या दिवशी त्या कापूरहोळला गाडी बदलून आल्या आणि दारातच थांबल्या, चपला कुठं काढायच्या ते बघत. जांभळी साडी, कडक इस्त्रीची. केस तेलानं चापून बसवलेले. साडीला फॉल मग रफिकभाईनं लावून दिला, पैसे न घेता. "आमच्या हिरोईन आहेत," तो म्हणाला, "मंडळाच्या खर्चात टाका." मंडळात सगळे त्यांना एकेरीत हाक मारायचे, तो एकटा 'चांगुणाबाई' म्हणायचा. त्याच्यामुळं मला नंतर तशी सवय लागली. फार नंतर.

त्यांना वाचता येत नव्हतं. एकदा ऐकलं की पुरे. कॅशियरसाहेब चष्मा लावून कागदात बघून अडखळायचे आणि त्या हळूच पुढचा शब्द पुरवायच्या. "आवं, तुमी हितं 'बरं' म्हनायचं हाय." कॅशियरसाहेब चिडायचे, "मला माहितीय गं!" आणि मग 'बरं' म्हणायचे.

एका तालमीत रफिकभाईनं शेठचं काम त्यांना विचारून केलं. मी लिहिलेला शेठ चाबूक घेऊन गरजत यायचा. त्या संध्याकाळी रफिकभाई चाबूक बाजूला ठेवून आला. दोन्ही हात मागं बांधून, सावकाश. त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला आणि फार मायेनं म्हणाला, "जेवलीस का गं, चांगुणा?"

बस्स, एवढंच. त्या एक पाऊल मागं सरकल्या. ते पाऊल मी लिहिलेलं नव्हतं. कॅशियरसाहेब आपलं वाक्य विसरले. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी म्हणालो, "थांबा, थांबा. यात नाट्य नाही."

चांगुणाबाई हसल्या. "आमचा शेठ कवाच वरडला न्हाई, मास्तर. वरडायला काय झालंय? आमी ऐकतच व्हतो की."

"बाई सांगतायत ते बरोबर आहे सर," रफिकभाई म्हणाला. "ओरडणाऱ्याचा राग येतो. भीती नाही वाटत."

"प्रेक्षकांना कळायला पाहिजे," मी म्हणालो. त्या वर्षी हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल. कळायला पाहिजे म्हणजे त्यांना आधीच जे ठाऊक आहे ते दाखवायला पाहिजे, असा माझा अर्थ होता. रफिकभाईनं खाली वाकून चाबूक उचलला.

नाटकाचा शेवट मात्र त्यांचाच होता. सगळे दिवे जाऊन एक दिवा राहायचा, त्या पुढं यायच्या आणि आपल्या बोलीत सांगायच्या: माझी बहीण बारकी, अमक्या गावात, अमक्या माणसाच्या भट्टीवर हाय. तिला बांधलेलं न्हाई. तरी तिला येता येत न्हाई. तुमी तिला आना. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही; तिथं आता दुसरी माणसं राहतात. पण तालमीत त्या ते नाव रोज घ्यायच्या, शेठचं आणि बारकीचंही, न चुकता, देवाचं घ्यावं तितक्या नेमानं. बोलताना हात हलायचे नाहीत. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं असायचं.

मग पुण्याहून एक जाणते गृहस्थ तालीम बघायला आले. स्पर्धांचे परीक्षक म्हणून नावाजलेले. पुढच्या महिन्यात आम्हाला स्पर्धेत उतरायचं होतं, म्हणून मीच बोलावलं होतं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, चहा घेतला आणि म्हणाले, "संहिता चांगली आहे. पण तुमची मुख्य बाई जमत नाही. ती कातकरी वाटत नाही."

"ती कातकरीच आहे," मी म्हणालो.

"असेल हो! वाटायला नको?"

सगळे हसले. मी हसलो. चांगुणाबाई तिथंच होत्या, भिंतीला टेकून, हातात कपबशी.

दुसऱ्या दिवशी मी घरून एक जुनं लुगडं नेलं, ते दोन ठिकाणी स्वतः फाडलं, आणि हळदीकुंकवाच्या एका वाटीत कोळशाची भुकटी नेली. आज लिहिताना मला ते फाडण्याचा आवाज ऐकू येतो. ही कृती मी एकट्यानं, दार लावून केली होती.

चांगुणाबाईंनी लुगड्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं.

"हे कशाला?"

"नाटकात तू भट्टीवर असतेस ना. तोंडाला, हाताला थोडं लावायचं."

"म्या काळीच हाय की, मास्तर. आनि काळं लावू?"

कोर्टातला एक कारकून फिस्सकन हसला. त्या हसल्या नाहीत.

"आन हे फाटकं नेसून म्या सायबाम्होरं उभी ऱ्हाऊ? शेठकडं बी फाटकंच नेसायचं आन हितं बी? भीक मागायला आलीय वाटंल त्यांना. म्या भीक मागाया न्हाई येनार. बहीन मागाया येनार."

"नाटक आहे हे. तुला कळत नाहीये."

"तुमाला कळतंय ना?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मंग असं कसं?"

माझा अपमान झाला. खेकडे विकणारी तीस वर्षांची बाई मला मंडळासमोर विचारत होती, असं कसं. मी लुगडं उचललं आणि म्हणालो, "मग तुला नाही जमायचं हे." त्यांची भूमिका मी माधवीवहिनींना दिली. वहिनी भल्या बाई; त्या आधी म्हणाल्या, "अहो, ती किती छान बोलते, मी कशाला?" पण मग त्यांनी लुगडं हातात घेऊन कुठं फाटलंय ते पाहिलं, आणि ते खांद्यावर टाकून बघितलं.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई पुन्हा आल्या, मला वाटलं भांडायला. त्यांनी फक्त विचारलं, "आन बारकीचं नाव? त्ये सांगतील न्हवं या बाई?"

"सांगतील," मी म्हणालो.

मध्ये हे लिहिणं सोडून मी दोनदा उठलो. अंगणात गेलो. शेजारच्या घरात शिरस्त्याप्रमाणं मार्गशीर्षातल्या गुरुवारची मांडणी चालली आहे, फुलांच्या पिशव्या येतायत. मुलगी म्हणाली, "बाबा, इतकं काय लिहिताय?" मी म्हणालो, शाळेचं आहे. या वयातही माझ्या तोंडून पहिलं येतं ते खोटंच.

प्रयोगात शेवट वेगळा होता. खरं नाव, खरं गाव घेतलं तर कोर्टकचेरी होईल, असं वकिलांचं म्हणणं पडलं. शेवट उंच जायला हवा, असं पुण्याच्या गृहस्थांचं. म्हणून माधवीवहिनी साखळदंडात जखडलेल्या आल्या. साखळ्या त्यांच्याच घरच्या झोपाळ्याच्या, पितळी, काजळी फासून काळ्या केलेल्या. रफिकभाईनं चाबूक ओढला, वहिनींनी आभाळाकडं बघून किंकाळी फोडली, कडी तुटली, अंधार. बहिणीचं नाव चंपा होतं आणि गाव कुठलंच नव्हतं.

लोक उभे राहिले. वहिनींच्या गालांवरून कोळसा ओघळला होता, त्याखाली गोरा पट्टा दिसत होता, आणि पुढच्या बायका रुमालानं डोळे टिपत होत्या. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. साहेब माईकपाशी आले. हुशार, नीट बोलणारा माणूस. ते म्हणाले, लेखकाच्या कल्पनाशक्तीचं करावं तेवढं कौतुक थोडं. सुदैवानं आपल्या भागात आता असे साखळदंड कुठं दिसत नाहीत. दूर कुठल्या राज्यात असतील, पण तिकडच्या दुःखानंही आपण हलतो, हेच कलेचं यश.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. एका हाताचं अंतर. 'साहेब, इथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक मुलगी आहे, तिचं नाव बारकी,' एवढं वाक्य म्हणायला किती वेळ लागतो? मी वाकून नमस्कार केला.

चांगुणाबाई शेवटच्या रांगेत होत्या. त्याच जांभळ्या साडीत. त्या मागच्या दारानं रंगपटात आल्या. आत पेढे वाटणं चाललं होतं. कुणीतरी त्यांच्याही हातावर एक पेढा ठेवला, तो तसाच हातावर ठेवून त्या माझ्यासमोर आल्या.

"मास्तर, बारकीचं नाव कुठं गेलं?"

"नाटकात नावं बदलावी लागतात," मी म्हणालो.

"नाव बदललं तर ती सापडंल कशी?"

रंगपटात सगळे बोलत होते, वहिनींचं अभिनंदन चाललं होतं. मी म्हणालो, "आपण बघू ना. साहेबांशी बोलीन मी नंतर." त्यांनी पेढा आरशाखालच्या फळीवर ठेवला, रंगाच्या डब्यांत. आणि गेल्या. रफिकभाई तोंडाचा रंग न पुसताच त्यांच्या मागं गेला.

स्पर्धेत माधवीवहिनींना अभिनयाचं बक्षीस मिळालं. मला लेखनाचं. परीक्षकांनी लिहिलं होतं, आदिवासी जीवनाचं अस्सल दर्शन. ते प्रशस्तिपत्र मी चौकट करून लावलं, आणि त्याखाली बसून पुढची दोन नाटकं लिहिली. साहेबांशी मी बोललो नाही. आधी स्पर्धा होती, मग परीक्षा आल्या, मग साहेबांची बदली झाली.

फाल्गुनात रफिकभाईनं दुकानाच्या पायरीवरून मला हाक मारली. आत बोलावलं नाही.

"बारकीचा पाय गेला भट्टीत," तो म्हणाला. "वर चढली होती भोक बुजवायला. माती खचली. गुडघ्यापर्यंत आत."

"जिवंत आहे?"

"आहे. शेठ दवाखान्यात नेतोय म्हणे. प्रेमानं." तो हातातल्या कापडाची घडी घालत होता, उलगडत होता. "सर, मी यापुढं नाटकात नाही. शेठचं काम मला आता जमणार नाही."

पुढचं सगळं त्यानं केलं. दुकान बंद ठेवून चांगुणाबाईंबरोबर घाटाखाली दोनदा, पाचदा, दहादा गेला. अर्ज लिहिले. बांधलंय का, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते एका कार्यकर्त्याला गाठून विचारून आला. माणूस अडकवायला साखळीच लागते असं कायदा कुठंच म्हणत नाही, हे त्याला कळलं. माझ्या नाटकानं दोनशे माणसांना नेमकं उलटं शिकवलं होतं. दुसरा शिमगाही उलटला, त्यानंतर कधीतरी ते बारकीला टेम्पोत घालून घेऊन आले. हे मला दुसऱ्यांकडून समजलं. तोवर मी बाजारपेठेतून जाताना त्या दुकानासमोरचा रस्ता सोडला होता. नसरापूरच्या बाजारात भाजी घेताना त्या टोकाला जात नव्हतो. घरी खेकडे आणणं बंद झालं. बायकोनं कारण विचारलं तर म्हणालो, सोसत नाहीत.

माणूस आठ-नऊ वर्षं एखादा रस्ता टाळू शकतो. मी टाळला. पोरांना निबंधाला विषय देत राहिलो, भाषणांना जात राहिलो, 'वंचितांचे चित्रण' या विषयावर एका शिबिरात तासभर बोललोही. टाळ्या पडल्या.

परात बघितली त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत त्या बाईंना एवढंच म्हणालो की, काळं लावू नका. का, ते मला नीट सांगता आलं नाही. त्या हिरमुसल्या. संध्याकाळी मी भोरात उतरलो आणि सरळ रफिकभाईच्या दुकानात गेलो. त्याच्या दाढीत आता पांढरे केस आहेत. त्यानं मशीन थांबवलं.

"वाट चुकलात का सर?"

मी चांगुणाबाईंचा पत्ता विचारला.

"कुणासाठी जाताय? त्यांच्यासाठी की तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

"मग देतो. त्यांच्यासाठी म्हणाला असतात तर दिला नसता." त्यानं खडूनं कापडाच्या कातरणावर वाट काढून दिली.

रविवारी गेलो. नसरापूरहून वेल्ह्याची जीप, तिथून पुढं दुसरी, मग चढणीची पायवाट. एका खाचराच्या कडेला धूर दिसला आणि माझे पाय थांबले. बांध साफ करायला कुणी पाला जाळत होतं. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा. हे लक्षात आलं तेव्हा स्वतःचीच शिसारी आली, तरी जुळवणं थांबेना.

चांगुणाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. केस पिकलेले. सूप हातातच ठेवून त्यांनी डोळे बारीक केले.

"नाटकवालं मास्तर न्हवं?"

"हो. चांगुणाबाई, मी तुम्हाला..."

"बसा आधी. पानी घ्या."

मी पाणी घेतलं, बसलो नाही. जुळवलेलं पहिलं वाक्य सुरू केलं, तर त्यांनी सूप आडवं धरलं.

"मला कशाला सांगताय? माझं काय गेलं? चार दिस साडी नेसून मिरवले. जिचं गेलं तिला सांगा." आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "बारके! भाईर ये."

तेव्हा मला कळलं की मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या नाटकात ती चंपा होती, कृश, पाणीदार डोळ्यांची, पडद्याआडून हुंदके देणारी. दारातून आली ती एक आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. बोटाला मिसरी. डावा पाय टाकताना सगळं अंग त्या बाजूला झुकत होतं. घोट्यापासून वर कातडी सुरकुतून चकाकत होती, आणि बारकी ती झाकत नव्हती.

"कोन हायेत गं अक्का?"

"त्ये मास्तर. नाटकाचं."

"ज्यांनी मला नाटकात घेतलं न्हाई, त्ये?" ती दाराच्या चौकटीला टेकली. थुंकून तोंड मोकळं केलं. "बोला की मंग. काय म्हनता?"

जुळवलेलं सगळं निघून गेलं. मी हात जोडले, ते नाटकी वाटले म्हणून सोडले. मग जे आलं ते बोललो.

"बारकीताई, तुमचं नाव माझ्या नाटकाच्या शेवटी होतं. ते मी काढलं. वकील म्हणाले, पुण्याचे पाहुणे म्हणाले, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण काढलं मी. मला भीती वाटली, आणि मला बक्षीस पाहिजे होतं. तुमच्या बहिणीनं मला विचारलं होतं, नाव सांगतील ना. मी सांगतील म्हणालो. तेव्हा नवा शेवट लिहून झाला होता. ती पानं माझ्या पिशवीत होती. साहेब माझ्या शेजारी उभे होते, तरी मी बोललो नाही. त्यानंतर तुमचा पाय भाजला. माझं चुकलं, ताई. मला माफ करा."